भाग्यनगरीची वेणीफणी

काचीगुड्यातल्या आमच्या जुन्या घरी रविवारची सकाळ शिकेकाईच्या वासाने उजाडत असे. शनिवारी रात्री लोखंडी कढईत शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी भिजत पडलेली असे. पहाटे ते सारे उकळून, गाळून, कोमट झाले की घरातल्या मुली एकामागून एक न्हाणीघरात जात आणि ओल्या केसांनी बाहेर येऊन अंगणाच्या पायऱ्यांवर रांगेने बसत. शेगडीतल्या निखाऱ्यांवर उदाचे खडे टाकून वर वेताची टोपली पालथी घातलेली असे. तिच्यावर केस पसरून वाळवायचे आणि मग सर्वांत वरच्या पायरीवर शिसवी फणी घेऊन बसलेल्या आजीच्या गुडघ्यांमध्ये डोके द्यायचे, असा त्या दिवसाचा शिरस्ता होता. आजी प्रथम फणी उचलत नसे. अडत्या जसा कापसाचे बोंड उकलून चिमटीत धागा पाहतो, तशी ती केसांत बोटे घालून क्षणभर चाचपणी करी आणि त्या चाचपणीवरून कोणाच्या वाट्याला कोणती वेणी यावयाची हे ठरत असे. थोरलीचे केस दाट आणि जड, म्हणून तिला रुंद, चपटी पाचपेडी. मधलीचे पातळ, म्हणून तिला सैल तीनपेडी आणि शेवटास रेशमी गोंड्याचा आधार. आणि माझे कुरळे, कोरडे व हट्टी, म्हणून त्यांना एरंडेलाचा हात लावून टाळूपासून एकेक बट उचलीत नेलेली सागरवेणी, जी दोन दिवस सोडावयाची नाही अशी ताकीद असे. "हलू नको ग, भांग वाकडा होतो," याखेरीज त्या वेळी ती फारसे काही बोलत नसे.

त्या अंगणात मला जे शिकवले गेले ते हे की, वेणी हा शृंगाराचा विषय होण्यापूर्वी राखणीचा विषय आहे. मोकळा केस वाऱ्याने, धुळीने, उशीच्या घासणीने आणि दुसऱ्या केसाच्या विळख्याने झिजतो. चुलीपुढे तो जळतो, रहाटाच्या दोरात अडकतो, आणि मृगाच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत दख्खनच्या पठारावर जी तापलेली लाल धूळ उडते ती त्याच्या मुळाशी जाऊन बसते. त्याचे पेड पाडून, एकावर एक चढवून, टोकाशी गाठ मारली म्हणजे शेकडो केसांवर पडणारा ताण वाटला जातो आणि टोके, जी केसाचा सर्वांत जुना व म्हणून सर्वांत दुबळा भाग असतात, ती आत झाकली जातात. जुन्या दफ्तरी भाषेत सांगावयाचे तर हा केसांचा बंदोबस्तच होय. आणि कोणत्याही बंदोबस्ताप्रमाणे तो मुलूख पाहून करावा लागतो. हैदराबादेचे वैशिष्ट्य असे की, या एका शहराच्या भिंतींच्या आतबाहेर चार-पाच निरनिराळ्या मुलखांचे केस शेकडो वर्षे शेजारी शेजारी नांदले, आणि प्रत्येकाने आपापला बंदोबस्त दुसऱ्याच्या अंगणाकडे पाहत पाहत सिद्ध केला.

ही विद्या आपल्याकडे किती पुरातन आहे याची साक्ष शब्द देतात. ऋग्वेदात चार वेण्या घातलेल्या युवतीसाठी 'चतुष्कपर्दा' असे विशेषण आलेले आहे, आणि वसिष्ठांच्या कुळातले पुरुष आपला कपर्द उजव्या बाजूस बांधीत हेही तिथेच नोंदलेले आहे. म्हणजे वेणी कोणत्या अंगाला आहे यावरून माणसाचे कूळ ओळखावे, इतकी ती व्यवस्था त्या काळी रूढ होती. अमरकोशाने कबरी, धम्मिल्ल, वेणी असे निरनिराळे शब्द निरनिराळ्या रचनांसाठी जपून ठेवले. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरसा घेतलेल्या राजस्त्रीच्या प्रसाधनाचे जे चित्र आहे ते बहुतेकांनी पुस्तकांतून तरी पाहिलेले असते. परंतु अजिंठा हा निजामाच्या राज्याचा भाग होता आणि 1914 साली स्थापन झालेल्या पुराणवस्तू खात्याने गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली ती लेणी राखली, म्हणून त्या चित्रांच्या प्रतिकृतींचे एक दालनच हैदराबादेच्या सार्वजनिक बागेतल्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्या दालनात मी अनेकदा केवळ केस पाहण्यासाठी गेले आहे. मानेवर उतरलेले अंबाडे, कपाळावर रुळणाऱ्या आखूड कुरळ्या बटा, मोत्यांच्या सरांनी आवळलेले केशपाश असे किती प्रकार तिथे आहेत! आणि महत्त्वाचे हे की सरळ केस व कुरळे केस यांत त्या चित्रकारांनी उच्चनीच असा भेद केलेला मला कुठे दिसला नाही.

मराठी माणूस हैदराबादेस आला तो बहुधा दफ्तराच्या वाटेने. निजामाच्या राज्यातली सुमारे चौथा हिस्सा प्रजा मराठी बोलणारी. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद या जिल्ह्यांतून वकिली, महसूल, शिक्षण यांच्या निमित्ताने कुटुंबे राजधानीत येत आणि काचीगुडा, गौळीगुडा, शहाअलीबंडा अशा वस्त्यांत बिऱ्हाडे करीत. त्यांच्या बायका येताना आपली फणेरपेटी आणि आपला अंबाडा घेऊन आल्या. कुमारिकेची पाठीवर सोडलेली वेणी आणि लग्नानंतर मानेवर बांधलेला अंबाडा किंवा खोपा, हा त्यांचा दस्तूर. शेजारी पाहावे तो तेलुगू घरातली सासुरवाशीणही एकच लांब जडा पाठीवर सोडून खुशाल पाणी भरते आहे! याचे आमच्या पणजीला प्रथम फार नवल वाटल्याचे घरात सांगत असत.

हा 'जडा' शब्द जरा थांबून पाहण्याजोगा आहे. तो संस्कृत 'जटा' शब्दापासून आलेला. आणि त्याच 'जटा' शब्दापासून मराठीत 'जट' झाली. एकाच मुळाचे दोन कोंब, पण तेलुगूत त्याचा अर्थ झाला सर्वांत नेटकी, सर्वांत निगा राखलेली वेणी, आणि मराठीत झाला निगा सुटलेल्या केसांचा घट्ट गोळा, जो एकदा झाला की 'देवीचे बोलावणे आले' म्हणून गावोगावच्या अजाण मुलींना यल्लम्माच्या नावाने सोडण्यात आले. किती आयुष्ये त्या एका गुंत्यात अडकून गेली आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आजही घरोघर जाऊन, समजूत घालून, कात्रीने ती सोडवावी लागतात, हे आठवले म्हणजे दर रविवारी फणी घेऊन पायरीवर बसणाऱ्या बाईच्या कामाची खरी योग्यता कळते. जट ही कोणा देवतेची इच्छा नव्हे. न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांत मळ आणि तेल साकळून ती होते, आणि वेणी तिचा पहिला प्रतिबंध आहे.

तेलुगू घरातला थाट मात्र आम्हां मुलींना वेड लावी. वेणीच्या शेवटी तीन गोंडे, त्यांना जडकुच्चुलु म्हणावयाचे. सोन्या-चांदीच्या घंटिकांचे असतील तर जडगंटलु. केस आखूड असतील तर सवरम् जोडून लांबी वाढवायची, जसे आपल्याकडे गंगावन घालीत. डोक्याच्या मागच्या बाजूस बसवायच्या ज्या गोल दागिन्याला आम्ही राखडी म्हणू त्याला त्या रागिडी म्हणत, आणि नाग तर दोन्ही घरांत नागच होता. लग्नात वधूची अख्खी वेणी शेवंती, मोगरा व मरव्याने मढवून पूलजडा करीत. पुढे हैदराबादी मराठी घरांतूनही लग्नाला आणि डोहाळजेवणाला पूलजडा आवर्जून होऊ लागली, आणि पुण्याकडून आलेल्या पाहुण्या बायका तिच्याकडे डोळे भरून पाहत राहत.

मुसलमान मोहल्ल्यात चोटी गुंफण्याची रीत आणखी वेगळी. तिथे वेणीत 'मूबाफ' असे. शब्द फारसी, त्याचा अर्थच केस विणणारा. वेणीत मध्यापासून पुढे रेशमी वा सुती कापडाची पट्टी पेडांबरोबर गुंफून घ्यायची, जेणेकरून टोकाचे विरळ केस त्या वस्त्राच्या कुशीत राहतात आणि रोजच्या ओढाताणीचा भार कापडावर पडतो. शोभेची म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू मुळात किती शहाणपणाची आहे! आमच्या आजीने शेजारच्या खालाजानकडून ती उचलली आणि मधलीच्या पातळ केसांत गोंड्याऐवजी जुन्या रेशमी लुगड्याच्या काठाची पट्टी घालावयास आरंभ केला. तेलाच्या बाबतीतही असाच व्यवहार चाले. खोबरेल किनाऱ्याकडून येई आणि महाग पडे. परंतु एरंडाच्या पिकात निजामाचे राज्य हिंदुस्थानात अग्रेसर होते, त्यामुळे एरंडेल प्रत्येक घरात, आणि तिळाचे तेल तर पठाराचेच. दाट, चिकट एरंडेल सरळ केसांना जड होते, पण कुरळ्या केसांना तेच मानवते, हे आजीला कोणत्या ग्रंथाने सांगितले नव्हते.

शहराच्या पश्चिमेस आज जिथे श्रीमंतांचे बंगले आहेत त्या बंजारा हिल्सचे नावच ज्यांच्यावरून पडले त्या बंजारा, म्हणजेच लंबाडी, स्त्रियांची केशरचना या सर्वांहून निराळी. कानशिलांवरच्या बटांच्या बारीक वेण्या घालून त्यांत चांदीची घुगरी आणि टोपली गुंफलेली असते, आणि टोपली हे सौभाग्याचे चिन्ह. बैलांच्या तांड्याबरोबर धान्य व मीठ वाहत मैलोगणती चालणाऱ्या या जमातीच्या बाईला रोज केस सोडून विंचरावयास ना सवड ना पाणी. तेव्हा एकदा घातलेली वेणी अनेक दिवस टिकली पाहिजे, तिच्यात दागिना गुंतला पाहिजे आणि दागिन्याच्या वजनाने ती जागच्या जागी राहिली पाहिजे.

आता ज्या केसांविषयी मला सर्वांत अधिक लिहावयाचे आहे त्यांच्याकडे येते. मासाब टँकजवळ 'ए. सी. गार्ड्स' नावाची वस्ती आहे. तिथून रोज जाणाऱ्या पुष्कळांना ही अक्षरे 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड' या रिसाल्याची आहेत हे ठाऊक नसते. वनपर्ती संस्थानच्या राजांकडून निजामाच्या चाकरीत आलेले हे सिद्दी घोडेस्वार. सवारीच्या वेळी ते निजामाच्या भोवती तैनात असत. 1948 च्या पोलीस ॲक्शननंतर तो रिसाला विसर्जित झाला, तनखे गेले, घोडे गेले, आणि त्यांची मुले-नातवंडे त्याच गल्ल्यांत मिळेल ते काम धरून राहिली. परंतु दख्खनशी हबशांचे नाते याहून कितीतरी जुने आहे. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अखेरीस अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवतो, जमिनीच्या मोजणीची व महसुलाची जी पद्धत घालून देतो तिची आठवण मराठवाडा अजून काढतो, आणि 1626 मध्ये देह ठेवून खुलताबादेच्या मातीत विसावतो. त्याची जी चित्रे उपलब्ध आहेत त्यांत त्याचे मस्तक पागोट्याने झाकलेले आहे. केस दिसत नाहीत. परंतु ज्या भूमीतून तो आला तिथे वेणी हा पुरुषांचाही मान होता. एकोणिसाव्या शतकातले इथियोपियाचे सम्राट तेवोद्रोस आणि योहानेस चौथे यांची चित्रे पाहावी, दोघांच्याही मस्तकावर ओळीने वेण्या घातलेल्या दिसतात. तिथल्या अम्हारी भाषेत त्यांना 'शुरुबा' म्हणतात.

घट्ट वळणाच्या आफ्रिकी केसांची प्रकृतीच अशी की, टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून जसे टोकापर्यंत ओघळते तसे त्या वळणांवरून उतरत नाही. म्हणून मूळ स्निग्ध आणि टोक कोरडे राहते, आणि प्रत्येक वळणाशी केस तुटण्याचा संभव असतो. रोजची फणी अशा केसांचा शत्रू. त्याला हवी असते ती अशी वेणी, जी एकदा घातली की कित्येक आठवडे हात लावावयास नको. तिचे प्रकार मुख्यतः तीन. एक, डोक्याच्या कातडीला लागून ओळीने चालणाऱ्या वेण्या. अमेरिकेत त्यांना मक्याच्या ताटांच्या ओळींवरून नाव पडले, कॅरिबियन बेटांत उसाच्या ओळींवरून, आणि आपल्या शेतकऱ्याने पाहिल्या तर तो त्यांना निःसंशय 'सरी' म्हणेल. दुसरा, डोक्याचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची स्वतंत्र लोंबती वेणी. तिसरा, दोनच पेडांचा पीळ, जो घालावयास सोपा आणि सोडावयास हलका, पण लवकर सैल होणारा. ज्याचे केस आखूड व नाजूक त्याने पीळ घ्यावा, ज्याला श्रमाचे, उन्हाचे, घामाचे काम त्याने सरी घ्यावी, ज्याला दीर्घकाळ निश्चिंती हवी आणि एका बैठकीत पाच-सहा तास बसण्याचे धैर्य आहे त्याने चौकोनी वेण्या घ्याव्या, असा या निवडीचा साधारण विवेक आहे.

टोळी चौकीच्या भागात आफ्रिकेतल्या अनेक देशांतून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यांची बिऱ्हाडे आहेत. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिथल्या एका इमारतीत परिचितांकडे जात असता जिन्यात दोन मुली बसलेल्या दिसल्या. एक वरच्या पायरीवर, दुसरी खालच्या. खालचीचे डोके वरचीच्या गुडघ्यांमध्ये. वरचीने फणीच्या निमुळत्या दांडीने भांगाची रेघ ओढली, ती क्षणभर न्याहाळली, मनास आली नाही म्हणून बोटाने पुसून पुन्हा ओढली, आणि मग अगदी बारीक बट उचलून, दर वळसा घेताना कातडीलगतचे थोडे थोडे केस त्यात सामील करीत, ती मागे मानेकडे नेऊ लागली. मी वाट मागावयाची विसरून तिथेच उभी राहिले. ती सागरवेणी होती! आकाराने लहान, पेड वरून घेण्याऐवजी खालून घेतलेले, म्हणून कातडीवर उठून दिसणारी, परंतु रचना तीच, हाताची चाल तीच, जी माझ्या कुरळ्या केसांवर आजीने एरंडेलाच्या बोटांनी कितीतरी रविवार चालवली होती. लहानपणी शाळेत माझ्या केसांना 'झिपऱ्या' म्हणत आणि ते सरळ व्हावेत म्हणून मी रडत असे. त्या जिन्यात मला प्रथम वाटले की माझ्या केसांचेही एक गोत आहे आणि ते फार मोठे आहे.

शाळेचे नाव निघालेच आहे तर सांगितले पाहिजे की, वेणीच्या इतिहासात शाळेने केलेला फेरफार लहान नाही. हैदराबादेत 1907 हे साल शिक्षणाच्या दृष्टीने मोठे; त्याच वर्षी मराठी मंडळींची विवेकवर्धिनी शाळा निघाली आणि त्याच वर्षी महबूबिया ही मुलींची शाळा. मुली घराबाहेर पडल्या तसा पुढे दोन घट्ट वेण्या, त्या दुमडून कानामागे वर बांधलेल्या, त्यांना फीत, असा नियम शाळाशाळांतून रूढ झाला. उवांपासून संरक्षण हा त्यात एक विचार होता आणि तो रास्त होता. पण सर्वांच्या केसांना एकच माप लावले गेले. योगायोगाने त्याच 1907 साली, ग्रीनलंडमधल्या स्त्रिया केस वर ओढून घट्ट बांधीत त्यामुळे त्यांच्या कानशिलाजवळचे केस गळतात, असे वैद्यकीय निरीक्षण प्रथम नोंदले गेले. आजी शाळेच्या वेण्या घालताना कानशिलाशी मुद्दाम एक बोट सैल ठेवी आणि शाळेत त्याबद्दल मला उभे राहावे लागे. राखणीसाठी घातलेली वेणी अती आवळली तर तीच केसांचा घात करते. आफ्रिकी वेण्यांच्या बाबतीतही जाणत्या बाया हीच ताकीद देतात की, घातल्यावर भुवया ताणल्यासारख्या वाटल्या तर ती त्याच रात्री सोडावी.

आणि जिला कोणतीच निवड नव्हती तिचे काय? आमच्या घरी आजीची एक नणंद असे, लाल आलवणात, डोक्यावरून पदर ओढलेली. तेराव्या वर्षी तिचे केस उतरवले होते. दर रविवारी ती त्या अंगणात, पण पायऱ्यांपासून दूर, तुळशीजवळ बसून शिकेकाई निवडून देई. तिच्या हातची शिकेकाई कधी खरखरीत लागत नसे. विधवांच्या केशवपनाविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र करून, आम्ही हे काम करणार नाही असा निश्चय करवून घेतला, ही महाराष्ट्राच्या इतिहासातली अत्यंत उज्ज्वल घटना होय. पण तो निश्चय आमच्या त्या आत्याआजीच्या दारापर्यंत पोहोचला नाही. एकाच धर्माने प्रयागच्या संगमावर वेणीदान सांगितले, जिथे पती पत्नीला मांडीवर बसवून स्वतःच्या हाताने तिचे केस विंचरतो, वेणी घालतो आणि तिचे टोक तेवढे कापून संगमात सोडतो. आणि त्याच धर्माच्या नावाने तो पती गेल्यावर तिचे सगळे केस हिरावून घेतले. वेणीदानाला जाऊन आलेल्या बायका प्रवासाची हकिगत सांगू लागल्या की आत्याआजी उठून आत जात असे. माझ्या केसांतून मात्र तिने एकदा हात फिरवला होता. आजी आजारी होती त्या रविवारी सागरवेणी तिनेच घातली, आणि ती आजीपेक्षाही सरळ आली होती.

फणी करून झाली की तिच्या दातांत अडकलेले केस आजी बोटाभोवती गुंडाळून गुंतवळाची लहानशी गुंडी करी आणि न्हाणीघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात खोचून ठेवी. महिन्या-दोन महिन्यांनी केसांवर वस्तू देणारी बाई हाळी घालीत येई. मूठभर गुंतवळ दिले तर सुया, आकडे, पिना, आणि पुष्कळ साठले असेल तर एखादी वाटी. ते केस पुढे कुठे जातात हे आम्हांला ठाऊक नव्हते. पुढे कळले ते असे: कोप्पळ, जे एके काळी निजामाचे दिवाण सालारजंग यांची जागीर आणि निजामाच्या राज्याचा भाग होते, त्याला लागून एक गाव आहे, आणि त्याचे नावही, हैदराबादेच्या दुसऱ्या नावाप्रमाणेच, भाग्यनगर. तिथे केसांचा मोठा व्यापार चालतो. तिरुमलेस नवसाने उतरवलेले केस देवस्थान लिलावात विकते. ते मुळाकडून टोकाकडे एका दिशेने लागलेले असल्यामुळे त्यांना भाव अधिक. गुंतवळात मात्र मुळे आणि टोके उलटसुलट मिसळलेली असतात, केसावरचे सूक्ष्म खवले एकमेकांविरुद्ध घासतात, म्हणून ते केस बायकांना सुईसारख्या अणकुचीदार हत्याराने एकेक करून सोडवावे लागतात, मग धुवून, लांबीप्रमाणे निवडून त्यांच्या जुड्या बांधतात. त्या जुड्या परदेशांत जातात, तिथे त्यांचे टोप होतात, आणि त्यांतला काही भाग आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या केसांत जोड म्हणून गुंफला जातो, जसे आपल्याकडे गंगावन आणि शेजारी सवरम्.

आमच्या कोनाड्यातल्या गुंडीत थोरलीचे जड केस असत, मधलीचे पातळ, माझे कुरळे, आणि आजीचे पांढरे. हाळी ऐकू आली की आजी ती काढी, एकदा पाण्यातून घुसळून काढी आणि पिळून, झटकून मगच त्या बाईच्या झोळीत घाली. फेकावयाच्या वस्तूला इतके काय धुवायचे, असे आईने एकदा विचारले होते. "कोणाच्या तरी डोक्यावर जायचे आहेत ना ते," असे म्हणून आजीने ओले हात पदराला पुसले.